पडद्यावरचे शंभर टक्के

पावसाळा तोंडावर आला की आम्हाला येणाऱ्या फोनांचा सूर एकच असतो : "यूपीएस चालू होता, सॉफ्टवेअर चालू होतं, तरी सर्व्हर धाडकन बंद पडला." गेल्या वर्षी अशाच तक्रारीपायी मी एका पतसंस्थेत गेलो. पडद्यावर बॅटरी शंभर टक्के. एमसीबी खाली ओढला आणि घड्याळ लावून उभा राहिलो. चौथ्या मिनिटाला बीप एकदम वाढला आणि सर्व्हरचे पंखे थांबले. नंतर लॉग पाहिला, तर शेवटची नोंद 'बॅटरीवर' एवढीच. 'बॅटरी लो' कधी आलेच नव्हते.

यात सॉफ्टवेअरचा दोष नव्हता. आपल्याकडचे पुष्कळ लहान यूपीएस मेगाटेक प्रोटोकॉलवर चालतात. 'क्यू-१' विचारले की व्होल्टेज, लोड, फ्रिक्वेन्सी, तापमान आणि स्थितीचे आठ बिट मिळतात. बॅटरीची टक्केवारी त्या उत्तरात नसतेच. ड्रायव्हर ती व्होल्टेजवरून अंदाजाने काढतो. चार्जरला लागलेली १२ व्होल्टची बॅटरी आतून सुकलेली असली तरी साडेतेरा व्होल्ट दाखवू शकते. त्यातून रात्री एसी बंद होणारी खोली असेल, तर २५ अंशांच्या वर दर दहा अंशांमागे बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते. आणि नेटवर्क यूपीएस टूल्समधला 'यूपीएसमॉन' नेहमीच्या मांडणीत 'बॅटरीवर' आणि 'बॅटरी लो' हे दोन्ही एकत्र आल्याशिवाय शटडाउन सुरू करत नाही. तिथे आम्ही बॅटऱ्या बदलल्याच, शिवाय 'यूपीएसशेड'चा टायमर लावला : लाइट गेल्यावर दोन मिनिटांत आवराआवर सुरू, टक्केवारी काहीही म्हणो.

त्याच खोलीत दुसरा सर्व्हर होता. तो तर शटडाउनच्या वाटेलाही लागला नव्हता. त्याला निरोप नेटवर्कवरून जायचा, आणि मधला स्विच भिंतीतल्या साध्या सॉकेटवर! लाइट जाताच स्विच मेला. या सर्व्हरला माहीत असलेली शेवटची स्थिती 'लाइट आहे' हीच राहिली, म्हणून तो 'संपर्क तुटला' एवढे लिहून चालत राहिला. कॉन्फिग फाइल तीनदा तपासली असती तरी हा दोष सापडला नसता. वायर हाताने शेवटपर्यंत चाचपली तेव्हाच सापडला.

म्हणून शोध खालून वर न्यावा : आधी केबल, मग यूएसबीची परवानगी, मग ड्रायव्हर, त्यानंतर सर्व्हर आणि शेवटी मॉनिटर. 'डेटा स्टेल' दिसताच मॅक्सएज १५ सेकंदांवरून वाढवून मोकळे होणारे अनेक जण आहेत. संथ यूपीएसला ते योग्यच. पण सैल केबलवर तो उपाय नव्हे, ते पांघरूण आहे. आधी ड्रायव्हर डीबग मोडमध्ये चालवून बघावा.

वार्षिक देखभालीच्या कागदावर 'यूपीएस तपासला' असे लिहून सही घेण्याची पद्धत मला मान्य नाही. किती लोडवर, किती मिनिटे, आणि मशीन आपोआप नीट बंद झाले का, हे त्या कागदावर असायलाच हवे.

तेव्हा या महिन्यातला एखादा रविवार ठरवा. ग्राहकाला आधी कळवा, डेटाचा बॅकअप घ्या. प्लग उपटू नका, त्याने अर्थिंगही तुटते. एमसीबी खाली ओढा आणि शेवटचे मशीन बंद होईपर्यंत खोलीतून हलू नका.