मातीतला चेहरा

मैत्रिणींनो, दुपारची आवराआवर झाली की तासभर मोकळा मिळतो ना? तेवढ्यात यूट्यूबवर बघून मातीचा चेहरा घडवायला शिकता येतं बरं का! आमच्या परभणीची काळी माती मात्र नको. वाळताना ती फार आकसते आणि भेगाळते. गणपतीची शाडू घ्या, कणकेसारखी मऊ मळा.

पाटावर काठी ठोकून तिला वर्तमानपत्र गुंडाळा, सुतळीनं बांधा, मग माती थापा. टाळू ते हनुवटी या उंचीच्या बरोब्बर मध्यावर डोळे येतात. आपण ते हमखास वर काढतो. कान भुवईपासून नाकाच्या टोकापर्यंत. काम थांबवताना ओलं फडकं अन् वर प्लास्टिक घाला. शेवटी डोकं तारेनं कापून आतून पोकळ करा, ओल्या मातीनं सांधा आणि सावलीत वाळवा.

व्हिडिओतून हात कसा चालवायचा ते कळतं, पण चेहरा चहूबाजूंनी बघायचा तर माणूसच समोर हवं. पुण्यातला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा (१९२८) घडवणाऱ्या नानासाहेब करमरकरांनी कोळणीचंही शिल्प केलं. अलिबागजवळ सासवण्याला त्यांचं संग्रहालय आहे, जमेल तेव्हा जरूर पाहा.

घरातल्या बाईचा फोटो भिंतीवर लागतो तो बहुधा ती गेल्यावर, हारासकट! म्हणून मी सासूबाईंनाच स्टुलावर बसवलं. "सुरकुत्या तेवढ्या गाळ गं," म्हणाल्या. मी म्हटलं, "मग तुम्ही कशा ओळखू याल?" त्या लाजून हसल्या. ते हसू कुठल्या व्हिडिओत मिळणार?

तुमच्या घरचं वडीलधारं माणूस समोर आहे, तोवरच माती मळा.