भय सांगणारा भ्याड नव्हे

युद्धकाव्य म्हणजे वीरश्रीचा जयघोष, असा समज साहित्यव्यवहारात दीर्घकाळ ठाण मांडून बसला आहे. सैनिकाचे थरथरणारे हात आणि धुरात हरवलेली दिशा कवितेत आली की तो सैन्याचा अवमान ठरतो, असे मानणारे आजही कमी नाहीत. दुर्दैवाने या समजाला थोरांचेही पाठबळ लाभले. आयरिश महाकवी डब्ल्यू. बी. येट्स यांनी १९३६ साली आधुनिक इंग्रजी काव्याचा संग्रह संपादित केला. त्यात पहिल्या महायुद्धात लढलेल्या विल्फ्रेड ओवेन यांची एकही कविता घेतली नाही. निमूटपणे सोसलेले दुःख हा काव्याचा विषय नव्हे, असे त्यांनी प्रस्तावनेत बजावले.

हा निवाडा मुळातच चुकीचा आहे. जानेवारी १९१७ मध्ये ओवेन आपल्या सैनिकांसह फ्रान्समधील एका भुयारी खंदकात पन्नास तास तोफांच्या माऱ्याखाली अडकले होते. त्या वेळी एक पहारेकरी स्फोटाने आंधळा झाला. त्यावरील कवितेत अधिकारी जखमीच्या डोळ्यांपुढे ज्योत धरून धीर देतो आणि पुढच्याच क्षणी दुसरा पहारेकरी नेमण्याच्या धांदलीत त्याला विसरतो. यात निमूटपणा कोठे आहे? येथे भय आणि कर्तव्य एकाच माणसात एकाच वेळी वावरत आहेत.

विषारी वायूच्या हल्ल्यावरील त्यांच्या कवितेत तर शत्रू दिसतच नाही. थकलेले सैनिक मुखवटे चढवण्यासाठी चाचपडतात. एकाला ते साधत नाही. तो मुखवट्याच्या काचेतून हिरव्या पाण्यात बुडाल्यासारखा दिसतो आणि पुढे कवीच्या स्वप्नात येत राहतो. वाचकाची दृष्टीही त्या काचेएवढीच उरते. रणातला संभ्रम याहून प्रामाणिकपणे कसा सांगावा? ‘स्ट्रेंज मीटिंग’मध्ये व्यंजने जुळतात, पण स्वर जुळत नाहीत. कानाला हवे ते यमक मिळत नाही आणि अस्वस्थता शब्दार्थाच्या आधीच मनात शिरते.

असे लिहिणारा भित्रा होता काय? तोफांच्या माऱ्याने मन खचल्यामुळे १९१७ साली ओवेन यांच्यावर एडिंबराजवळच्या रुग्णालयात उपचार झाले. तरीही १९१८ मध्ये ते पुन्हा आघाडीवर गेले. त्या ऑक्टोबरमधील शौर्याबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला. ४ नोव्हेंबरला सांब्र-वाझ कालव्यावर ते धारातीर्थी पडले. वय अवघे पंचवीस. युद्ध एका आठवड्यात थांबले. म्हणूनच त्यांच्या कवितेचा आधार घेऊन प्रत्येक सैनिकाला केवळ बळीचा बकरा ठरवणारे दिवाणखान्यातील शांतिदूतही त्यांच्यावर अन्यायच करतात.

भारतीय परंपरेला हे नवे नाही. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाचे गात्र शिथिल होते, तोंड कोरडे पडते, गांडीव हातातून गळते. श्रीकृष्णाने त्याची कानउघाडणी केली. पण व्यासांनी तो प्रसंग गाळला नाही. दैवदुर्विलास असा की, ‘गीतांजली’च्या इंग्रजी आवृत्तीला प्रस्तावना लिहिणारे येट्सच होते आणि शेवटचा निरोप घेताना ओवेन यांच्या ओठी त्याच ‘गीतांजली’तील शब्द होते. त्यांच्या आईनेच ते रवींद्रनाथांना पत्राने कळवले.

हा वाद केवळ अभिरुचीचा नाही. भय म्हणजे भ्याडपणा, हे समीकरण माणसांचे प्राण घेते. त्याच महायुद्धात पलायन, भ्याडपणा आदी आरोपांखाली स्वतःच्याच सैन्याने गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटिश शासनाने २००६ साली मरणोत्तर माफी दिली. तोवर सुमारे नव्वद वर्षे त्यांच्या घराण्यांनी कलंक वाहिला.

सैनिकापुढे नतमस्तक होणाऱ्या समाजाने त्याचे भयही ऐकून घेतले पाहिजे. ज्याला भय ठाऊकच नाही, त्याच्या धैर्याची किंमत ती काय? भय जाणूनही जो पुढे पाऊल टाकतो, तोच वीर. ते भय लपवणारी कविता त्याचा गौरव करीत नाही. त्याचा पराक्रम स्वस्त करते.