सायलेन्सरमधला फटाका

चोर्ला घाट उतरताना पेट्रोल वाचावं म्हणून चावी बंद करायची, गाडी गिअरमध्येच सोडायची आणि उतार संपला की चावी फिरवायची. मागून ‘ठाप्प’! मागे बसलेलं माणूस दचकतं आणि आपण म्हणतो, “कचरा अडकला असेल.”

कचरा नसतो. चावी बंद झाली की ठिणगी थांबते, पण चाकं इंजिन फिरवतच राहतात. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत त्यामुळे पेट्रोल ओढलं जातंच. ते न जळता तापलेल्या सायलेन्सरमध्ये साचतं आणि ठिणगी आली की पेटतं. म्हणजे बचत कसली? वर सायलेन्सर फाटायची भीती.

नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर फटफट होत असेल, तर आधी सायलेन्सर इंजिनला जोडतो ती जागा बघा. तिथे काजळी दिसली की मिस्त्री सांगतोच, “पॅकिंग होगेद नोड्री!” तिथून हवा आत शिरते आणि उरलंसुरलं पेट्रोल पेटवते. पॅकिंग स्वस्त असतं. सायलेन्सर काढला की नवंच घालावं, जुनं दाबून बसवू नये. मग प्लग, आणि कार्बोरेटरमागचं चिरलेलं रबर. टॅपेट घट्ट असतील तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. ते काम मिस्त्रीचंच.

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाडीत मात्र घरी पाना घेऊन बसू नका. न जळलेलं पेट्रोल तिथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवून निकामी करतं, आणि तो पॅकिंगच्या भावात मिळत नाही.