इबादतखाना गाजला, संवाद मात्र अनुवादाच्या दालनात झाला

१/ सर्वधर्मीय संवाद म्हटले की आपल्याला अकबराचा इबादतखाना आठवतो. माझे मत थोडे निराळे आहे. त्या काळातला खरा संवाद वादसभेत घडला नाही. तो ग्रंथांच्या सहवासात, अनुवादकांच्या बैठकीत घडला.

२/ फतेहपूर सिक्री, १५७५. इबादतखाना प्रथम मुस्लिम विद्वानांसाठी होता. कोणी कोठे बसावे, यावरूनच तेथे तंटे झाले. पुढे हिंदू, जैन, पारशी पंडित आले. १५८० मध्ये गोव्याहून जेझुइट पाद्रीही आले. परंतु बादशहासमोर बोलणाऱ्याला जिंकायचे असते, समजून घ्यायचे नसते.

३/ १५८२ मध्ये महाभारताच्या फारसी अनुवादास प्रारंभ झाला. ब्राह्मण पंडित संस्कृताचा अर्थ बोलभाषेत उलगडून सांगत आणि नकीबखान व त्याचे सहकारी तो फारसीत उतरवीत. ग्रंथाचे नाव पडले ‘रज्मनामा’, म्हणजे युद्धाचा ग्रंथ.

४/ या कामावर मुल्ला बदायुनीही होता. धर्मनिष्ठ, कर्मठ. त्याला हे काम मनापासून नापसंत होते आणि ती नाराजी त्याने आपल्या इतिहासात लिहूनही ठेवली. तरीही त्याला पंडितांचे म्हणणे शांतपणे ऐकावे लागले. वादसभेत आपले अज्ञान लपवावे लागते. अनुवादात ते कबूल केल्याशिवाय एक ओळही पुढे सरकत नाही.

५/ १५८७ मध्ये अबुल फजलने या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. हिंदू व मुसलमान यांच्यातील वैर निवळावे, हा हेतू त्याने त्यात स्पष्टपणे मांडला आहे.

६/ आक्षेप येईल: ही तर दरबारी हौस, रयतेला तिचा काय उपयोग? आक्षेप रास्त आहे. ती सचित्र पोथी सामान्यांच्या हाती कधीच पडली नाही. पण म्हणूनच आजच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे मोल अधिक. महाराष्ट्रात १९६७ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. बादशहाचे दालन आता गावोगावी उघडे आहे.

७/ मित्रहो, आपल्या हातातला मोबाइल हा आजचा इबादतखाना आहे. तेथे आपण रोज जिंकतो किंवा हरतो. या आठवड्यात गावच्या ग्रंथालयात जा. आपल्या धर्माचा नसलेला एक ग्रंथ मागा. अडलेल्या शब्दाचा अर्थ त्या धर्माच्या एखाद्या जाणत्या माणसाला विचारा. नकीबखान आणि त्या पंडितांनी याहून वेगळे काही केले नव्हते.