संगोपनाचे मोल कोण देणार?

मोहफुले वेचण्याची वेळ पहाटेची. ज्या घरात मान न धरणारे, स्वतःच्या हाताने घास न घेणारे मूल असते, त्या घरातील माता त्या वेळी एक तर रानात जात नाही, किंवा मुलाला म्हाताऱ्या सासूच्या स्वाधीन करून जाते. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात पुन्हा तोच प्रश्न. मुलाला पाठीशी बांधून न्यावे, तर 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूची पाने तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात बळी पडल्या, हे चंद्रपूर जिल्ह्यात कोण विसरला आहे? या वनप्रदेशात अनेक कुटुंबांना रोकड दिसते ती याच दोन हंगामांत. म्हणजे अपंग अपत्याच्या संगोपनाची किंमत माता बुडालेल्या मजुरीने चुकती करीत असते.

कायद्याला ही माता अपरिचित आहे असे नव्हे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने काळजीवाहूची व्याख्या करताना विनामोबदला राबणाऱ्या आईबापांचाही स्पष्ट उल्लेख केला, आणि ज्यांना अधिक आधाराची गरज आहे अशा अपंगांकरिता काळजीवाहू भत्त्याची तरतूद कलम 24 मध्ये केली. मात्र सरकारने हे सारे आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत करावयाचे, अशी पाचर त्याच कलमाच्या आरंभी मारून ठेवली आहे! ‘दिव्यांग’ हे नाव बहाल करण्यास अर्थातच कसलीही आर्थिक क्षमता लागत नाही.

संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान अपंगांसाठी 2025 मध्ये दरमहा 1,500 वरून 2,500 रुपयांवर नेण्यात आले, याचे आम्ही स्वागतच करतो. पण ते अपंगाच्या निर्वाहाचे अनुदान आहे. त्याला उचलणाऱ्या, न्हाऊमाखू घालणाऱ्या, रात्री कूस बदलून देणाऱ्या हातांचा हिशेब त्यात नाही. केरळने ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अशा हातांसाठी दरमहा 600 रुपये ठरविले. रक्कम तुटपुंजी, आणि ती थकते अशीही तेथील तक्रार आहे. तथापि हे श्रम आहेत एवढे तरी त्या राज्याने मान्य केले.

अपंगांच्या हातांना काम देण्याचा धडा बाबा आमटे यांनी 1949 पासून वरोऱ्याच्या आनंदवनात घालून दिला. परंतु जे मूल कधीच काम करू शकणार नाही, त्याला दुसऱ्याचेच हात लागतात. ते हात शहरातून येणार नाहीत. सिरोंच्याला किंवा भामरागडला परिचारिका टिकत नाही, हा गाऱ्हाण्याचा विषय जुनाच आहे. आणि त्यांची गरजही नाही. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील 39 गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात अर्भकांची शुश्रूषा शिकविली. नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये जगापुढे आले, आणि 2011 मध्ये ती पद्धत देशभरच्या आशा कार्यकर्त्यांकडे सोपविण्यात आली. जी स्त्री अर्भकाचा श्वास मोजावयास शिकली, तिला मेंदूच्या पक्षाघाताने जखडलेल्या मुलाला बसते कसे करावे, ठसका न लागता कसे भरवावे, हे शिकविणे अशक्य का असावे?

म्हणून मागणी दुहेरी आहे. मातेला भत्ता हवा, आणि हंगामाच्या दिवसांत तिची जागा घेणारी, प्रशिक्षित व वेतन घेणारी स्त्री गावातच हवी. राज्याचा अर्थसंकल्प मांडला जातो मार्चमध्ये. झाडीपट्टीत मोह गळू लागतो तोही त्याच सुमारास.