दिव्याला आजी दिसेना!

लालबागच्या आमच्या चाळीतली आतली स्वयंपाकघरं भरदिवसाही काळोखी. म्हणून शेजारच्या आजींकडे माणूस आला की आपोआप लागणारा दिवा बसवला. एकदा आजी विळीवर भोपळा चिरत होत्या आणि पटकन दिवाच गेला! बोटं पात्यापाशी, डोळ्यांपुढे अंधार. आजींनी हात हलवला, तसा दिवा लागला. असं का बरं झालं?

या दिव्याच्या सेन्सरला माणूस दिसत नाही, हलणारी ऊब कळते. आपलं शरीर आतून साधारण ३७ अंश सेल्सिअस गरम असतं. अंगातून न दिसणारे अवरक्त किरण बाहेर पडतात. सेन्सरवरचं पांढरं भिंग खोलीचे जणू पट्टे पाडतं. ऊब एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेली की दिवा लागतो. आजी जवळजवळ स्थिर बसलेल्या. सेन्सरला वाटलं, घरात कुणी नाहीच!

मग सेन्सर लावायचा कुठे? दाराच्या बाजूच्या भिंतीवर, म्हणजे येणारा त्याच्यापुढून आडवा जातो. शेगडीसमोर नको, ज्योत आणि वाफ त्याला फसवतात. काचेआडही नको; काच हे किरण अडवते.

वायरमनकाकांनी आजींचा सेन्सर हलवला, दिवा चालू राहायची वेळही वाढवली. ओट्यावरचा दिवा मात्र साध्या बटणावरच ठेवला. विळी आणि कढईपाशी अंधार परवडत नाही!

तुमच्या जिन्यात असा दिवा आहे? आधी त्याच्याकडे सरळ चालत जा, मग आडवे जा. केव्हा लवकर लागतो? वायरींना मात्र हात लावायचा नाही हं!