बारा चालते कॉम्प्युटर भंगारात काढायचे कुणासाठी?

पोस्ट थोडी मोठी आहे, पण गावाच्या वर्गणीचा प्रश्न आहे म्हणून वाचा.

आपल्या शाळेच्या लॅबमधले बारा कॉम्प्युटर बदलायचे असा ठराव परवाच्या व्यवस्थापन समितीत आला. प्रत्येकी ३८ हजार, म्हणजे साडेचार लाखांच्या वर. लोकवर्गणीतून! कारण काय, तर "यावर विंडोज ११ चढत नाही." मी विरोध केला. त्यावर एक सदस्य म्हणाले, "पोरांना मागे ठेवायचंय का तुम्हाला?" त्यांना तिथे धड उत्तर देता आलं नाही, इथे देतो.

मशीन आय-थ्री ७१०० ची आहेत. हा प्रोसेसर बाजारात आला जानेवारी २०१७ मध्ये. विंडोज ११ आलं ऑक्टोबर २०२१ मध्ये आणि त्याच्या यादीत इंटेलची साधारण आठवी पिढी आणि पुढचेच घेतले. म्हणजे पाच वर्षंही पुरी न झालेला माल एका यादीने म्हातारा ठरवला. मशीन बिघडलेली नाहीत. ती हळू चालतात, कारण आत जुनी हार्डडिस्क आहे. एसएसडी टाका, दोन-तीन हजारात फरक दिसेल. माझ्या घरच्या सातव्या पिढीच्या मशीनला मी हेच केलंय.

बरं, नुसता प्रोसेसर बदलू म्हणाल, तर तेही नाही. आठव्या पिढीचा प्रोसेसर या बोर्डाच्या सॉकेटात बसतो, पण चालू होत नाही. सॉकेट तेच, एलजीए ११५१. इंटेलने चिपसेट मात्र नवा सक्तीचा केला. याउलट एएमडीच्या २०१७ च्या बऱ्याच एएम४ बोर्डांवर बायोस अपडेट करून रायझन ५६०० चालतो. कुणाच्या घरी तसा बोर्ड असेल तर खुशाल प्रोसेसर बदला. आपल्या लॅबला बोर्ड आणि रॅमसकट सगळंच घ्यावं लागेल, आणि रॅमचे भाव सध्या एआयच्या डेटा सेंटरांनी कुठल्या कुठे नेलेत. खरेदीला याहून वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही.

आता सुरक्षेचं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं आहे. पण पैसे भरून सुरक्षा अपडेट पुढेही मिळतात. शैक्षणिक परवान्यात त्याचा दर मायक्रोसॉफ्टने पहिल्या वर्षाला मशीनमागे एक डॉलर जाहीर केलाय, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी चार. तीन वर्षांचे सात डॉलर. एकीकडे सात डॉलर, दुसरीकडे ३८ हजार रुपये! हा दर आपल्या शाळेला कुठून मिळेल हे शिक्षण विभागाला विचारायचं सोडून कोटेशन मागवायची घाई कुणाला झाली होती? (कोटेशन एकच आलं होतं, हेही सांगून ठेवतो.)

आणि विंडोजच कशाला पाहिजे? केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर शिकवतात. तिथली पोरं मागे राहिली म्हणायची हिंमत आहे का कुणाची? आपल्या पोरांना टायपिंग, हिशोबाचं शीट, स्क्रॅच एवढं तर शिकायचंय. युनिकोड मराठी लिनक्सवर व्यवस्थित टाइप होतं. श्रीलिपीत काम करणाऱ्या डीटीपीवाल्याची अडचण वेगळी, ती सातवीतल्या पोराची नाही.

एक गोष्ट मान्य करतो. हेडमास्तरांच्या खोलीतलं मशीन, ज्यावर यू-डायसची माहिती आणि पगाराची बिलं भरली जातात, ते आत्ताच बदला. तिथे जोखीम नको. त्या एका मशीनसाठी माझे दोन हजार मी आजच देतो. बाकी अकरांना हात लावू नका.

शनिवारी सकाळी ११ वाजता शाळेत पुन्हा बैठक आहे. वर्गणी देणाऱ्यांनी पावती फाडायच्या आधी या आणि दुसरी दोन कोटेशनं मागा.